फाईलवर ‘बीपीएडी’ लिहिलं गेल्यावर: पहिल्या वर्षात करून ठेवायची कामं

मानसोपचारतज्ज्ञांनी फाईलच्या कोपऱ्यात ‘बीपीएडी’ लिहिलं. मी ते वाचलं आणि काही विचारलं नाही. ती ‘बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ची आद्याक्षरं आहेत हे मला, नवऱ्याला आणि धाकट्या बहिणीला कळायला आठवडा गेला. ते २०११ साल होतं. मी सांगलीत ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते, आजही शिकवते. मधल्या काळात दोन मोठे मॅनिया (मन आणि अंग बेसुमार ‘चढण्याचा’ काळ) झाले, रुग्णालयात १९ दिवस काढले, आणि तीन डिप्रेशन अशी आली की त्यातल्या एकात मी सात आठवडे केस विंचरले नव्हते.

ज्यांच्या हातात ही फाईल नुकतीच आली आहे त्यांच्यासाठी, आणि ती फाईल पिशवीत घालून सोबत बसलेल्या त्यांच्या माणसांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ज्या गोष्टी बोलायच्या राहून जातात त्या मला कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या.

सगळ्यात आधी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हा आजार चढत असताना आजार वाटत नाही. तापात अंगच सांगतं की आडवं हो. मॅनियात अंग सांगतं की आजवर आजारी होतीस, खरी बरी आत्ता झालीस. त्या क्षणी तुम्हाला कुणीही समजावू शकत नाही. म्हणून काय करायचं हे बरं असताना ठरवायचं, कागदावर उतरवायचं आणि त्याची एक प्रत दुसऱ्याच्या हाती द्यायची.

पहिली पायरी: नावाच्या आत काय आहे ते बघा

सकाळी चिडचिड आणि संध्याकाळी हसू, याला बायपोलर म्हणत नाहीत. मॅनिया निदान आठवडाभर टिकतो. झोप दोन-तीन तासांवर येते आणि तरीही थकवा नसतो. बोलणं थांबत नाही, एक विचार संपायच्या आत दुसरा सुरू होतो, पैसा पाण्यासारखा जातो, आणि कुणी अडवलं की संताप उसळतो. काहींना आवाज ऐकू येतात, काहींना आपली कुणीतरी खास निवड केली आहे असं वाटू लागतं. याचंच सौम्य रूप म्हणजे हायपोमॅनिया. तो निदान चार दिवस टिकतो, पण त्यात काम अडत नाही, उलट लोक कौतुक करतात. डिप्रेशन दोन आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत चालतं. कधी दोन्ही एकत्र येतात, म्हणजे मन काळवंडलेलं आणि अंगात मात्र विजेसारखी अस्वस्थता. ही मिश्र अवस्था सगळ्यात धोक्याची, कारण मरणाचा विचारही असतो आणि तो अमलात आणायची ताकदही असते.

एकदा जरी पूर्ण मॅनिया झाला तरी निदान टाइप वन. हायपोमॅनिया आणि डिप्रेशन असेल तर टाइप टू. टाइप टूला ‘हलका’ समजू नका. त्या लोकांचे वर्षातले कितीतरी महिने डिप्रेशनमध्येच जातात.

माझं निदान पाच वर्षं उशिरा झालं. २००६ मध्ये मला डिप्रेशन आलं तेव्हा त्या वेळच्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली. मी आधी कधी ‘चढले’ होते का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगण्यासारखं वाटलं नाही. बी.एड.च्या वर्षी मी बारा दिवस जवळजवळ न झोपता सबंध वर्गाच्या पाठांच्या वह्या लिहून दिल्या होत्या. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला काळ, असंच मी समजत होते. नुसती डिप्रेशनविरोधी गोळी बायपोलरच्या माणसाला मॅनियात ढकलू शकते. माझ्या बाबतीत पुढे तेच झालं.

म्हणून हे काम आजच करा. तुमच्या आयुष्यातले ‘सर्वांत भारी’ आठवडे आठवा आणि त्या दिवसांत किती झोपत होता ते लिहा. डॉक्टरांना डिप्रेशनपेक्षा या माहितीची जास्त गरज असते.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नका

तुम्ही चढलेले असताना ज्याने तुम्हाला पाहिलं आहे त्याला सोबत न्या. मी स्वतःबद्दल डॉक्टरांना सांगायचे, “जरा उत्साह वाढला होता.” बहीण म्हणाली, “डॉक्टर, ही पहाटे सहाला प्रिन्सिपलांच्या घराची बेल वाजवत होती.” दोघींचंही खरं होतं, पण उपचार ठरले ते तिच्या वाक्यावरून.

सोबत एका कागदावर हे न्या: घराण्यात कुणाला असा त्रास होता का (आत्महत्या, ‘डोक्यावर परिणाम’, अचानक घर सोडून जाणं, हे सगळं सांगा, लाजू नका), थायरॉइड, रक्तदाब, मधुमेह, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दारू-तंबाखू-गांजा, आणि बाईमाणसाने पाळी आणि मूल होण्याचा बेत.

खासगी डॉक्टरांची फी झेपत नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी असते. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. गोव्यात बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. कुठे जावं हेच कळत नसेल तर ‘टेलीमानस’ला १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

आमच्या भागात आधी देवर्ष्याकडे नेतात. मलाही नेलं होतं. सासूबाईंचा मला राग आला नाही, त्या भ्यायल्या होत्या आणि त्यांना ठाऊक असलेला रस्ता तेवढाच होता. दर्शनाला जायचं असेल तर जा, अंगारा लावायचा तर लावा. गोळी मात्र त्या दिवशीही घ्या. जिथे मारतात, बांधून ठेवतात, उपाशी ठेवतात तिथून माणसाला तेव्हाच्या तेव्हा परत आणा.

तिसरी पायरी: आपली गोळी ओळखा

‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणून सगळ्या एका पिशवीत टाकू नका. या आजारातल्या मुख्य गोळ्यांना मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मन फार चढू-उतरू न देणाऱ्या गोळ्या म्हणतात. प्रत्येकीची आपली तऱ्हा असते, आणि आपल्या गोळीची तऱ्हा आपल्याला पाठ हवी.

मी लिथियमवर आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञाने १९४९ मध्ये मॅनियावरचा त्याचा उपयोग पहिल्यांदा मांडला. इतकी वर्षं झाली तरी ते अजून पहिल्या फळीत आहे. हा एक साधा क्षार आहे, आणि त्यातच त्याची सगळी मेख आहे. मूत्रपिंड लिथियमला जवळपास सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं आणि त्यासोबत लिथियमही धरतं. गोळ्या तेवढ्याच घेत असता, पण रक्तातलं प्रमाण वाढत जातं.

आता आपलं वर्षाचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. हरतालिकेचा निर्जळी उपास. काहीजण धरतात तो अळणी उपास. नवरात्राचे नऊ दिवस. पायी वारी. विदर्भातला मे महिना. लग्नाच्या जेवणानंतर लागलेले जुलाब. लिथियम घेणाऱ्यासाठी यातलं प्रत्येक ठिकाण धोक्याचं आहे. मी निर्जळी आणि अळणी उपास सोडले. एकादशीला वरईचा भात आणि दाण्याची आमटी खाते, मीठ रोजच्याइतकं, पाणी रोजच्याइतकं. उलट्या-जुलाब लागले की डॉक्टरांना फोन करून ‘गोळी थांबवू का’ हे विचारायचं, आपल्या मनाने चालू ठेवायची नाही. रक्तदाबासाठी कुणी ‘मीठ बंद करा’ म्हणालं तर तेही आधी मानसोपचारतज्ज्ञांच्या कानावर घाला. रोजचा चार कप चहा एकदम सोडलात तरी रक्तातलं लिथियम वर जाऊ शकतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

दुसरा धोका मेडिकलच्या काउंटरवर असतो. अंग दुखतंय, दाढ दुखतेय म्हणून आपण सहज कॉम्बिफ्लाम मागतो. त्यात आयब्युप्रोफेन असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी लिथियम रक्तात साचतं. रक्तदाबावरच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्याही हेच करतात. साध्या दुखण्याला नुसतं पॅरासिटामॉल चालतं. मी पाकिटात एक चिठ्ठी ठेवते: ‘लिथियम चालू आहे. विचारल्याशिवाय दुसरं औषध देऊ नये.’ दाताच्या डॉक्टरांना ती दाखवली तेव्हा त्यांनी लिहिलेलं औषध बदललं.

लिथियमची ‘लेव्हल’ करायची असते, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण तपासायचं असतं. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन मग घ्यायची. साधारण ०.६ ते १.० हा पट्टा ठेवतात. सुरुवातीला आणि डोस बदलला की आठवड्याने, मग स्थिर झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी. त्यासोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी. लॅबवाल्याला आवर्जून सांगा की तपासणी लिथियमची आहे. रक्त घ्यायच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं, त्या नळीत रक्त घेतलं तर आकडा खोटा वर येतो.

हात बारीक थरथरणं, तहान लागणं, रात्री लघवीला उठावं लागणं, हे बऱ्याच जणांना होतं. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात. पण थरथर मोठी झाली, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, माणूस गुंगल्यासारखा झाला, तर लिथियम चढलं आहे असं समजून त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. उद्यावर टाकू नका.

बाकीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीने आणि तिच्या घरच्यांनी हे नीट वाचा: ही गोळी पोटात मूल असताना चालू राहिली तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात दोष आणि ३० ते ४० बाळांत वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी आढळतात. लग्न ठरायच्या आधी, मूल हवंय असं नुसतं बोलणं सुरू झालं तरी डॉक्टरांना भेटा. दिवस गेल्यावर घाबरून मनानेच गोळी बंद करणंही तितकंच वाईट. लॅमोट्रिजिन फार हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ आलं, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. चार-पाच दिवस गोळी चुकली तर पूर्वीच्याच डोसने सुरू करू नका, विचारा. ओलान्झापीन आणि क्वेटियापीनने भूक आणि वजन वाढतं, म्हणून सुरुवातीलाच साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर नोंदवून घ्या. माझं वजन पहिल्या वर्षात ११ किलो वाढलं आणि त्याचं मला आजारापेक्षा जास्त रडू यायचं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदललं. न सांगता गोळी गादीखाली लपवणाऱ्या दोघीजणी मला माहीत आहेत. त्या दोघींनाही पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं.

मीही एकदा गोळ्या सोडल्या. २०१३ मध्ये दोन वर्षं छान गेली होती. मला वाटलं, बरी झाले. गोळ्यांमुळे बरी होते, हे ध्यानात आलं नाही. लिथियम एकदम तोडलं की मॅनिया पूर्वीपेक्षा जोरात उलटू शकतो. माझा पाच आठवड्यांत उलटला. ते १९ दिवस तेव्हाचे. कमी करायचं असेल तर डॉक्टरांसोबत, महिनोन्‌महिने, टप्प्याटप्प्याने.

चौथी पायरी: झोपेवर पहारा

एकच गोष्ट सांभाळता येणार असेल तर झोप सांभाळा. कमी झोप हे मॅनियाचं लक्षण आहे आणि कारणही आहे. एक रात्र जागलं की दुसऱ्या दिवशी अंगात वेगळीच तरतरी येते, त्या तरतरीने दुसऱ्या रात्री झोप येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आपण कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेलेले असतो.

आपल्याकडे जागरण हा पुण्याचा भाग आहे. गोंधळ, कोजागरी, गणपतीची रात्रभर चालणारी मिरवणूक, गरबा, हळदीची रात्र, परगावच्या लग्नाला रात्रीच्या गाडीने जाणं. मी मिरवणूक नऊपर्यंत बघते आणि घरी येते. कोजागरीचं दूध दहाला पिते, चंद्र तेव्हाही पूर्ण असतो. रात्रीची स्लीपर गाडी सोडून दिवसाची गाडी घेते. पहिली दोन वर्षं नातेवाइकांना वाईट वाटलं. आता मावशीच मला दहा वाजता “ऊठ, जा” म्हणते.

उठायची वेळ ठरलेली ठेवा, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. चहा, जेवण, फिरणं यांच्या वेळाही शक्यतो त्याच. रात्रपाळीची किंवा अमेरिकेच्या वेळेची नोकरी असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन दिवसपाळी मागा. मला विचाराल तर ती मिळत नसेल तर कमी पगाराची दिवसाची नोकरी बरी.

दोन रात्री मिळून आठ तासांपेक्षा कमी झोप झाली तर तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, हा आमच्या घरातला नियम आहे. असा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्यासाठी ठरवून घ्या.

बाळंतपणाबद्दल वेगळं सांगायला हवं. बायपोलर असलेल्या बाईसाठी बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आजार उलटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. माहेरी कोण रात्री बाळ घेणार, हे सातव्या महिन्यातच ठरवा. बाळंतिणीला सलग झोप मिळावी म्हणून एखादं दूध वरचं द्यावं लागलं तरी द्या, बाळाच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.

पाचवी पायरी: आपल्या खुणा लिहा

प्रत्येकाची चढण वेगळी असते, पण त्याच माणसाची चढण दर वेळी जवळपास तशीच असते. म्हणून गेल्या वेळी आधीच्या पंधरा दिवसांत काय-काय झालं, ते घरच्यांसोबत बसून लिहा. माझी यादी अशी आहे: अक्षर मोठं होतं आणि दोन ओळी व्यापतं. रात्री अडीचला मसाल्याचे डबे उतरवून पुसते. वीस वर्षांत न बोललेल्या मैत्रिणींना फोन करते. वर्गात पोरांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. रंग जास्त गडद दिसतात. डिप्रेशनच्या उताराची यादी छोटी आहे: आंघोळ दुपारवर जाते, फोन उलटा ठेवते, आमटीला चव लागत नाही, सोपं गणित दोनदा वाचावं लागतं.

यादीतल्या तीन खुणा एका वेळी दिसल्या तर बोलायचा हक्क कुणाला, हेही ठरवा. सगळ्यांना देऊ नका. नणंद, शेजारीण, कॉलेजातले सहकारी असे सगळेच “गोळी घेतलीस का?” विचारू लागले तर माणूस साधं हसायलाही घाबरतो. आमच्याकडे फक्त नवरा आणि बहीण. शब्दही ठरलेले आहेत. बहीण विचारते, “ताई, वारं सुटलंय का गं?” त्यावर मी भांडायचं नाही, त्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, एवढंच मी बरी असताना लिहून सही केली आहे. २०१९ मध्ये ती असं म्हणाली तेव्हा मला तिचा इतका राग आला की फोन आपटावासा वाटला. मग कपाटाला चिकटवलेल्या कागदावरची माझीच सही दिसली. डोस वाढवला, चार दिवस रजा घेतली, आणि तेवढ्यावर निभावलं.

घरच्यांनो, खूण नसेल तिथे खूण शोधू नका. तिचा राग हा कधीकधी नुसता राग असतो आणि त्याला कारण तुम्हीही असू शकता.

सहावी पायरी: पैसा आणि फोन यांना कुलूप

२०११ च्या एप्रिलमध्ये मी गणिताची अकादमी काढायची म्हणून एका हॉलचा आणि ४० बाकांचा मिळून १,८०,००० रुपये ॲडव्हान्स देऊन आले. निम्मे परत मिळाले. आज तेच मोबाईलवर मिनिटात होतं, कर्जसुद्धा. म्हणून बरं असताना यूपीआय आणि कार्डाची मर्यादा खाली आणा. ठेवी दोघांच्या सहीवर ठेवा. क्रेडिट कार्ड नसलं तरी चालतं. पाच हजारांच्या वरच्या कुठल्याही खरेदीला दोन रात्री आणि एका माणसाचा होकार, हा माझा नियम. तोच नियम राजीनाम्याला, जमिनीच्या व्यवहाराला, घटस्फोटाच्या नोटिशीला आणि रात्री अकरानंतर कौटुंबिक ग्रुपवर टाकायच्या लांब मेसेजला. मेसेज वहीत लिहायचा. सकाळी पाठवावासा वाटला तर पाठवायचा.

दारू सोडा. गांजा तर हवाच कशाला, आणि शिवरात्रीची किंवा होळीची भांगही तीच वनस्पती आहे. तिच्याने मॅनिया आणि भास दोन्ही चेतू शकतात.

सातवी पायरी: खोल दिवसांसाठी तयारी

मॅनियाच्या गोष्टी लोक आवडीने ऐकतात. माझी वर्षं खाल्ली ती डिप्रेशनने. तेव्हा “फिरून ये, मन रमव” याचा उपयोग होत नाही. मी बरी असताना एक अगदी छोटी यादी करून ठेवली आहे: उठून पडदा उघडणे, दात घासणे, गोळी, गॅलरीत दहा मिनिटं ऊन, एक वाटी मऊ भात. पाचपैकी तीन झालं की त्या दिवसाचं काम झालं. बाकी घर कोण बघणार, डबा कोण लावणार, हेही आधी ठरलेलं असतं. मॅनियातल्या वागण्याची शरम याच दिवसांत उसळून येते. माफी मागायची तर मागा, पण ती डिप्रेशन उतरल्यावर. तोवर तुम्हाला आपला गुन्हा दहापट मोठा दिसतो.

मरणाचे विचार आले तर ते आजाराच्या यादीतले आहेत, जुलाबासारखे, तापासारखे, आणि तसेच सांगायचे असतात. मला ते आले होते. मी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही आणि चौथ्या दिवशी नवऱ्याला स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून सांगितलं. त्याने गॅस बंद केला, माझ्या शेजारी बसला आणि डॉक्टरांना फोन लावला. त्याने प्रश्न विचारले नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. अशा वेळी गोळ्यांचा साठा दुसऱ्याने ताब्यात घ्यायचा (लिथियम जास्त झालं तर विष आहे), एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या हाती द्यायच्या, शेतातली औषधं घराबाहेर कुलपात ठेवायची, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. फोनसाठी १४४१६ आहेच. प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरवलं आहे.

आठवी पायरी: कागदपत्रं आणि कुणाला सांगायचं

त्याच कायद्याने तुम्हाला दोन कागद करता येतात. एक आगाऊ निर्देश: मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन तेव्हा माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत. दुसरा, माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती कोण, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधी. मी बहिणीचं नाव दिलं आहे. कलम २१ प्रमाणे आरोग्यविमा मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच मिळायला हवा, फक्त फॉर्ममध्ये आजार लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. त्रास फार असेल आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरलं तर सवलती मिळतात, सिव्हिलमध्ये चौकशी करा.

कॉलेजात मी फक्त दोघांना सांगितलं आहे. पोरांना सांगितलं नाही, सांगायची गरज पडली नाही. स्थळ बघत असाल तर मात्र साखरपुड्याच्या आधी सांगा, आणि तुमचं तुम्हीच सांगा, मध्यस्थाकडून नको. गोळ्या लपवून सुरू झालेला संसार पहिल्याच चुकलेल्या डोसात उघडा पडतो, आणि लपवालपवीत डोस चुकतोच.

नववी पायरी: आज रात्रीचं काम

महागडं ॲप नको. भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक तारखेच्या चौकोनात थोडी जागा असते. झोपायच्या आधी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: काल रात्री किती तास झोप झाली, मन कसं होतं (उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत, मधलं शून्य म्हणजे ठीक), आणि गोळी घेतली की बरोबरची खूण. बायांनी पाळीच्या तारखेला टिंब द्या. भांडण, प्रवास, ताप असं काही असेल तर एक शब्द. महिना संपला की पान फाडू नका, फोटो काढून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. माझ्या चार वर्षांच्या पानांवरून डॉक्टरांना दिसलं की माझी चढण बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये असते, पेपर तपासायच्या दिवसांत. आता फेब्रुवारीतच आम्ही एकदा जास्तीची भेट घेतो.

आणि पुढच्या लिथियम लेव्हलच्या तारखेला आत्ताच लाल गोल करा. आदल्या चौकोनात लिहा: ‘रात्रीची गोळी ९ वाजता. सकाळी ९ ला रक्त. त्याआधी गोळी नाही.’